लसूण, करडई आणि तेराचा पाढा

सप्रेकाका काल पुन्हा येऊन गेले. तुमच्या प्रभातफेरी मंडळाला तलावाकाठी तुमच्या नावाचं बाक बसवायचं आहे, आणि त्या दिवशी वाटायच्या पत्रकात माझा लेख हवा आहे. "वहिनी, फार नको. चार चांगले शब्द," म्हणाले. मी त्यांना चहा दिला, तुम्हीच त्यांना सवय लावलीत तसा बिनसाखरेचा, आणि बघते म्हटलं. खरं सांगायचं तर तुमच्यासाठी सध्या माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही. दीड महिना झाला तुम्हाला जाऊन. राग हळूहळू ओसरतो असं सगळे सांगतात. माझा चढतोच आहे, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस घरात नाही.

बाकावर 'आरोग्यमित्र' असं कोरणार आहेत. ज्या कठड्यावर तुम्ही बसलात आणि पुन्हा उठला नाहीत, त्याच्याच शेजारी. मला हसूसुद्धा आलं नाही.

तुम्ही गेल्यावर आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणून गेला, की एवढं पथ्य पाळणारा माणूस, तेलाचा थेंब मोजून घेणारा, आणि त्यालाच हृदयविकार? मीही पहिले पंधरा दिवस हेच म्हणत होते. देवाला नावं ठेवत होते, करडईच्या तेलाला ठेवत होते. नंतर कळलं, नावं कुणाला ठेवायची ते.

दोन वर्षांपूर्वी छातीत पहिली कळ आली तेव्हा तुम्ही एकटेच डॉक्टरांकडे गेलात. माझी स्कॉलरशिपची मुलं शिकवणीला बसली होती, म्हणून मी आले नाही. परत आलात ते पिशवी भरून. टेबलावर गोळ्या मांडल्यात आणि म्हणालात, "अगं, घाबरायचं काही नाही. दोनच गोष्टी सांगितल्यात. खाणं सांभाळायचं आणि औषध चुकवायचं नाही." दोनच. आयुष्यभर मुलांची उत्तरं तपासणारी बाई मी. समोरच्याने एक पायरी गाळली की माझं पेन तिथेच थांबतं. तुमच्या त्या वाक्याला मात्र मी डोळे झाकून बरोबरची खूण केली.

आणि मग घरात जे सुरू झालं! डालडा गेला, तूप गेलं, लोणच्याच्या बरण्या शेजारी गेल्या. करडईच्या तेलाचा डबा आला आणि त्यावर छोटा चमचा दोऱ्याने बांधला गेला, दोन माणसांना दिवसाला चार चमचे. सुकट बंद, कारण मीठ. अंड्याचा पिवळा भाग बंद. जवसाची चटणी, सकाळी अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या, वर लसणाच्या तेलाच्या गोळ्या. खोबरं बंद केलंत तेव्हा मात्र मी भांडले. कोकणातल्या बाईच्या स्वयंपाकघरातून नारळ काढायचा म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच नाही. "डॉक्टरांनी मासा खायला नको म्हटलंय का?" मी विचारलं. "नाही, मासा चालेल म्हणाले." "मग नारळाशिवाय कालवण कसं करू? हळदीच्या पाण्यात बुडवू?" तुम्ही हसून म्हणालात, "मग मासाच नको." आणि आठ दिवसांनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेऊन आलात. पापलेट ताटातून गेलं आणि बाटलीतून परत आलं. ते भांडण आपलं कधी मिटलंच नाही. शेवटच्या रविवारीसुद्धा आपण त्यावरच धुसफुसत होतो, आणि मी रागाने तुमच्या भाकरीवर तेल न लावताच ताट आदळलं होतं.

तुमचं तेवढ्यावर भागलं नाही. स्वतःला नवा धर्म सापडल्यासारखे तुम्ही तो अख्ख्या पनवेलला द्यायला निघालात. तलावाभोवती फिरणारी चार पेन्शनर माणसं गोळा केलीत, त्यांची चाळीस झाली. कुणाच्या घरी कुठलं तेल येतं, कुणाच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट किती, याची चौकशी करत फिरायचात. बायका मला मंडईत गाठून विचारायच्या, "अहो, तुमच्या मिस्टरांनी आमच्या ह्यांचे पोहे बंद केलेत, आता नाश्त्याला देऊ तरी काय?" मला तेव्हा तुमचा अभिमान वाटायचा. हे लिहून टाकते, कारण ते खरं आहे.

तळोज्याच्या कारखान्यात तुमची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली, दुसरी, रात्र. तुमच्या प्लांटवर तिघे होतात, आळीपाळीने फिरायचात. पण पहिली पाळी असली की सकाळचं मंडळ बुडायचं. म्हणून तुम्ही ती दुसऱ्याला देऊन त्याची रात्र घ्यायचात. एकाच्या घरी लग्न, रात्र तुम्ही घेतलीत. दुसऱ्याच्या बायकोचं बाळंतपण, रात्र तुम्ही घेतलीत. मी म्हणायचे, अहो किती जागता? तुम्ही म्हणायचात, "दिवसा झोपतो की घरी." कंपनीची बस साडेसातला स्टँडवर सोडायची, तिथून तलाव, चाळीस माणसांना व्याख्यान, आणि नऊला घरी.

नऊला माझा सकाळचा वर्ग सुरू व्हायचा.

आपलं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वीस मुलं, आतल्या खोलीत तुमची खाट, मध्ये एक दार, तेही पावसाळ्यात फुगल्यामुळे नीट न लागणारं. सकाळी दुपारच्या शाळेची मुलं, दुपारी अडीचपासून सकाळच्या शाळेची. मधल्या वेळात कुकरच्या शिट्ट्या. आणि साडेबाराच्या ठोक्याला मी तुम्हाला हलवून उठवायचे, कारण औषध जेवणानंतर आणि जेवण वेळेवर, असं भिंतीवर लावलेल्या तुमच्याच तक्त्यात लिहिलेलं होतं. त्या तक्त्यात तेल होतं, मीठ होतं, चालायची मिनिटं होती, गोळ्यांचे रंग होते. झोपेचा रकाना नव्हता. मी तो तक्ता दोन वर्षं रोज वाचला आणि माझ्या लक्षात आलं नाही.

"मुलांच्या आवाजाचा त्रास होतो का हो?" असं मी तुम्हाला विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा तरी. तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "छे गं! पाढे ऐकत फार छान झोप लागते. लहान झाल्यासारखं वाटतं." मी खूश झाले.

त्या सकाळी सप्रेकाका सव्वानऊला दारात आले तेव्हा मी मुलांना अपूर्णांकांची बेरीज देत होते. काकांचा चेहरा मी पाहिलाच नाही. वाटलं, तुमची पथ्याची वही न्यायला आले असतील. मी बोटानेच खूण केली, थांबा, एवढं गणित होऊ द्या. ते बिचारे खरंच थांबले. चप्पल हातात धरून चौकटीत उभे राहिले. मी गणित पुरं केलं, उत्तर फळ्यावर लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि मग म्हटलं, "हं, बोला काका."

तेराव्यानंतर चार दिवसांनी नामदेवभाऊ आले. कामोठ्याचे, तुमच्या प्लांटवरचे, ज्यांच्या घरच्या लग्नासाठी तुम्ही रात्र घेतली होतीत ते. तुमच्या लॉकरमधलं सामान घेऊन आले होते. टॉवेल, स्टीलचा डबा, लसणाच्या गोळ्यांची अर्धी बाटली आणि एक पाकीट. पाकीट त्यांनी शेवटी काढलं आणि देताना माझ्याकडे बघितलं नाही.

"वयनी, यो डाक्टरचा कागद हाय. दोन वरसं त्याचे लॉकरात पडलाय. त्याला रातपाली देव नका, असा लिवलाय."

मी उघडून वाचलं. खरंच तसं लिहिलं होतं. कायम दिवसपाळी द्यावी, रोज सात तास सलग झोप आवश्यक.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"आमाला कवा ना कवा कललाच होता. मी बोललो त्याला, कागद सायबाला दे, गेटवर बसवतील, निवांत काम हाय. तो बोलला, नाय रं नामदेव. मी गेलो तं तुमा दोगांना जादा राती परतील. तुजी पोरा लहान हान." मग भाऊ म्हणाले, "माजे रातीपन त्यानीच केल्या, वयनी. मी नको बोललो नाय. मना झोप प्यारी होती." आणि एवढा दांडगा माणूस तुमच्या खाटेशी बसून रडला. मी त्यांना पाणी दिलं. समजूत घातली नाही. माझ्याच्याने ते झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी तुमचे कागद काढले, चष्मा लावला आणि म्हणाले, "मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. खाणं, औषध आणि झोप. तिसरीवर मी सगळ्यात जास्त बोललो होतो. दिवसपाळी जमत नसेल तर निदान दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत सलग झोपा, म्हटलं होतं. प्रत्येक वेळी विचारायचो. ते म्हणायचे, झोपतो, बायको सगळं सांभाळते. मग त्या कॅप्सूलची बाटली पुढे करायचे. मी म्हटलं, घ्यायच्या तर घ्या, पण या काही झोपेच्या जागी चालत नाहीत."

मी विचारलं, "झोपले असते तर वाचले असते का?"

"ते छातीवर हात ठेवून कुणीच सांगू शकणार नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "धोका कमी झाला असता, एवढं नक्की."

बायको सगळं सांभाळते! ऐकलंत ना स्वतःचं वाक्य? डॉक्टरांना सांगायचं बायको सांभाळते आणि बायकोला सांगायचं दोनच गोष्टी. दोन्हीकडे खोटं बोलून मधल्या मध्ये तुम्ही साधू झालात. त्या दिवशी दवाखान्यातून चालत येताना मी तुम्हाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत दिल्या नसतील. आता मला तुमचं सगळं पथ्य समजतं. जे जमत होतं ते तुम्ही दुप्पट करत होतात, म्हणजे जे करायचं नव्हतं ते माफ होईल. डॉक्टरांनी मासा चालेल म्हटला तर तुम्ही मासाही सोडलात. नारळ सोडलात. माझ्या हातची सोलकढी, जिच्यासाठी एके काळी सासूबाईंशी खोटं बोलायचात, तीही सोडलीत. कुणाला फसवत होतात? हृदयाला? त्याला तुमची लाच कळत नव्हती.

आणि मी काय करत होते ते तर ऐकाच. तुम्ही थंडीतसुद्धा टेबलफॅन लावून झोपायचात, अंगावर दोन चादरी घेऊन. मी विजेवरून बोलायचे. तुम्ही म्हणायचात, हवा खेळती हवी. तुमच्या उशीच्या अभ्र्यात मला कापसाचे बोळे सापडले, तर मला वाटलं तुमचा कान दुखतोय. मी तेलात लसूण कढवून आठ दिवस तुमच्या कानात घातलं. तुम्ही निमूटपणे मान वाकडी करून घालून घेतलंत! लसूण पोटात, लसूण कानात, आणि तोंडातून एक शब्द नाही. तो पंखा आवाज झाकायला होता आणि तो कापूस माझ्या मुलांसाठी होता, हे मला तुमच्या मागे खोली आवरताना कळावं?

का बोलला नाहीत ते मला ठाऊक आहे. तेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

तिसऱ्यांदा मी बाळंतपणाच्या दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आले, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. दिवस उजाडला काय आणि मावळला काय, मला सारखंच होतं. तुम्ही कधी 'ऊठ' म्हणाला नाहीत. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या दोन मुली हाताला धरून घेऊन आलात आणि म्हणालात, "यांना अपूर्णांक येत नाहीत. मलाही येत नाहीत. आम्ही तिघं नापास होणार." मी उठले. केस बांधले. पाटी मागितली. त्या दोनाच्या वीस झाल्या आणि मी माणसात आले. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. नवरा-बायकोत कुठे कोण मानतं? आज मानते. तुम्ही मला परत आणलंत. पण म्हणून परत आणलेल्या बाईला काचेचं भांडं समजायचं? 'वर्ग दुसरीकडे घे' एवढे तीन शब्द बोललात तर मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेन, असं वाटलं तुम्हाला? माझी एवढीच किंमत केलीत? मी चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग काहीतरी वाट काढली असती. तुम्ही मला चिडायचीसुद्धा संधी दिली नाहीत. वर मला तुमच्या मरणात भागीदार करून गेलात, माझी सही न घेता.

असं सगळं तुमच्या माथी मारून मी मोकळी झाले होते. मग गेल्या सोमवारी मुलांचा वर्ग पुन्हा सुरू केला. पालक दोन-दोनदा येऊन विचारून जात होते, परीक्षा जवळ आली होती. मुलं बसली, आणि माझ्या मनात आलं ते मी केलं. त्यांना म्हटलं, तेराचा पाढा म्हणा, मोठ्याने, मी येईपर्यंत थांबायचं नाही. आत गेले. दार ओढून घेतलं. खिडकीवर लॉकरमधून आलेला तुमचा काळा टॉवेल लावला, पंखा लावला, कानात कापूस घातला आणि तुमच्या खाटेवर आडवी झाले. मला बघायचंच होतं. झोप लागते का.

सगळं ऐकू येतं हो. कापसातूनही, पंख्यातूनही. तेरा सत्ते एक्क्याण्णवपर्यंत गाडी नीट जाते आणि तेरा अठ्ठेला मागची रांग अडखळते. एकशे चार म्हणायच्या जागी कुणीतरी एकशे दोन म्हणतं आणि सगळे हसतात. बाकड्याचा पाय वाजतो. पट्टी पडते. मी डोळे मिटून पाऊण तास पडले होते, आणि पडल्या पडल्या मला आठवलं.

रात्रपाळी असली की संध्याकाळी, डबा घेऊन निघायच्या आधी चहा पिताना, तुम्ही मला चिडवायचात. "आज मागची रांग तेरा अठ्ठेला घसरली वाटतं, बाई." "आज कुणीतरी पंचवीस चोक नव्वद म्हणालं." आणि मी खो खो हसायचे. दोन वर्षं, रात्रपाळीच्या प्रत्येक संध्याकाळी, तुम्ही मला सांगत होतात की तुम्ही जागे होतात. झोपलेल्या माणसाला कुणाची चूक कळते का? दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर मी पहिल्याच दिवशी पकडली असती. मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. 'पाढे ऐकत छान झोप लागते' हे उत्तर माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी ते तपासलं नाही.

तेव्हा सप्रेकाकांना हा लेख चालणार नाही हे मला माहीत आहे. चालला तर त्यांनी बाकावर 'आरोग्यमित्र' कोरू नये, एवढंच माझं म्हणणं. त्या चाळीस जणांना तुम्ही न सांगितलेली तिसरी गोष्ट तिथे लिहावी. लसूण खा, करडई खा, फिरा, डॉक्टरांचं औषध चुकवू नका, आणि झोपा. घरात कुणाच्या आवाजाने झोप मोडत असेल तर त्याला सांगा. तो रागावेल. रागावू द्या.

मंगळवारी सकाळी मी खाली गेले. जिन्याखाली सायकली लावतात ना, ती पडवी. नऊनंतर सगळ्या सायकली कामाला गेलेल्या असतात. झाडून घेतली, सतरंजी टाकली, फळा भिंतीला टेकवला. दहा मिनिटांचं काम. मुलांना तर ती जागा घरापेक्षा आवडली. त्यांना तेराचा पाढा म्हणायला लावला आणि मी दोन मजले चढून वर आले. आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले.

वर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पंखासुद्धा लावावा लागला नसता.